मणक्यातला 'गॅप'

प्रश्न : तांदळाचा डबा उचलताना सासूबाईंच्या (वय ७१) पाठीत कळ आली. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, कमरेतला गॅप कमी झालाय, शिवाय वरचा एक मणका पुढून दबलाय. आम्ही तर 'गॅप आला' असंच ऐकत आलो. आणि हाडासारखं हाड दबतं कसं?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी ३० वर्षं हाडं शिकवली आणि घरीदारी 'गॅप आला' हे वाक्य खोडत बसलो. उपयोग शून्य. दोन मणक्यांत जागा हवीच. तिथे कूर्चेची चकती असते, ती एक्स-रेत उमटत नाही, म्हणून जागा रिकामी दिसते. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, ती बसते, जागा अरुंद होते. सत्तरीत हे नेहमीचंच.

दबलेला मणका मात्र वेगळी गोष्ट. आमची मुलं हाडांची पेटी घेऊन लोकलने घरी जायची. (एकीची दादरला उघडली. त्या दिवशी तिला खिडकी मिळाली.) त्यातला कमरेचा मणका हातात घेतला की हमखास प्रश्न यायचा, "सर, हा इतका हलका कसा?" कारण तो भरीव नसतोच. भार पेलणाऱ्या पुढच्या भागाला बाहेरून पातळ कवच, आत अनारशासारखी जाळी आणि जाळीत लाल मज्जा. म्हातारपणीही तिथे रक्त तयार होतं.

चाळीला बांधलेली परांची आठवा. उभे बांबू भार घेतात, आडवे त्यांना वाकू देत नाहीत. जाळीतल्या काड्यांचंही तसंच. हाड झिजवणाऱ्या आणि भरणाऱ्या पेशींचं काम जन्मभर चालू असतं. पाळी गेल्यावर झिजवणाऱ्यांची सरशी होते आणि आधी जातात त्या आडव्या काड्या. उभ्या लांबलचक, बिनआधाराच्या उरतात. मग पडावंही लागत नाही, तांदळाचा डबा पुरतो. मणका पाचरीसारखा होतो, पोक येतं, उंची घटते.

साडी हल्ली जास्त वर खोचावी लागते का, हे सासूबाईंना विचारा. माझ्या आईची तशीच तक्रार होती. मी दिवसभर मणके शिकवून घरी यायचो आणि तिला सांगायचो, साडीच मोठी असेल.

डॉक्टरांकडे हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तांदळाचा डबा यापुढे तुमच्याकडे. गुडघ्यांत वाकून उचला.