कोविड लशीच्या प्राधान्यासाठी वजनाची नोंद ताजी ठेवावी का?

तुमचा भाऊ ब्रिटनमध्ये स्विंडनला असतो, त्याचं वजन तिथल्या डॉक्टरांकडे जुनंच नोंदलेलं राहिलं. म्हणून इथे म्हापशात आईची नोंद ताजी ठेवावी का, असं विचारलंय.

भावाला फरक पडला असेल. 2021 मध्ये ब्रिटनने 40 किंवा अधिक बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) असलेल्या प्रौढांना सहाव्या प्राधान्यगटात घेतलं होतं. आपल्याकडे 1 मार्च 2021 पासून 45 ते 59 वयाच्या लोकांसाठी 20 आजारांची यादी होती. तिच्यात नुसता लठ्ठपणा नव्हता, आणि डॉक्टरांचा दाखला लागायचा.

तरी आईची नोंद ठेवाच, आणि उंचीसुद्धा पुन्हा मोजा. लोक वजनाकडेच बघतात, पण हिशोबात उंचीचा वर्ग होतो: 100 किलो वजनाला 160 सेंटिमीटर उंचीवर बीएमआय 39 येतो, 150 वर थेट 44. वय वाढतं तशी उंची घटते, फाइलमध्ये मात्र तरुणपणातलीच राहते. आरोग्य केंद्रात चपला काढून दोन्ही मोजून घ्या आणि केसपेपरवर तारखेसकट लिहून मागा. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी सुरू झाल्या तेही लिहून घ्या. त्या यादीत मधुमेह किती वर्षांचा, हेही बघितलं जायचं.