'लेक्स नातुरालिस' : निसर्गनियम की नैसर्गिक कायदा?

तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या 'लेक्स नातुरालिस' या लॅटिन संज्ञेला मराठीत 'निसर्गनियम' म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आहे. 'नैसर्गिक कायदा' म्हटले की तो कुणीतरी मंजूर करून जाहीर केल्यासारखा वाटतो, अशी शंकाही सोबत आहे.

मी 'कायदा'च म्हणेन. हातातून वाटी सुटली की खाली पडते, हा निसर्गनियम. वाटीला तो मोडता येत नाही. थॉमसचा लेक्स माणसाला मोडता येतो. 'चांगले करावे, वाईट टाळावे' हे त्याचे पहिलेच सूत्र. जिथे 'करावे' आहे, तिथे न करण्याची मोकळीकही असते.

आता जाहीर करण्याबद्दल. 'सुम्मा' या त्याच्या ग्रंथात प्रकरणांना 'प्रश्न' म्हटले आहे; त्यातल्या कायद्यावरच्या प्रकरणांची सुरुवात ९०व्या प्रश्नापासून होते. तिथे थॉमस व्याख्या देतो: समाजाची काळजी ज्याच्याकडे आहे त्याने सर्वांच्या हितासाठी केलेली आणि जाहीर केलेली विवेकाची व्यवस्था, ती लेक्स. मग नैसर्गिक कायदा कुणी जाहीर केला? ही शंका तो स्वतःच घेतो. माणसाला उपजतच कळावा अशा रीतीने देवाने तो मनात घातला, हेच त्याचे जाहीर करणे, असे त्याचे उत्तर. म्हणजे 'कायदा'मधली जी छटा खटकते, तीच इथे हवी आहे.

'नियम'चा मोह मलाही होतो. लेक्स हा शब्द थॉमस 'लिगारे', म्हणजे बांधणे, यावरून लावतो आणि 'नियम'मधला 'यम्' धातूही आवरण्याचा, ताब्यात ठेवण्याचा. पण शाश्वत, नैसर्गिक, मानवी आणि दैवी अशा चारही प्रकारांना त्याने एकच शब्द वापरला आहे, तेव्हा मराठीतही एकच हवा. अन्याय्य मानवी कायदा हा कायदा नव्हे, कायद्याची विकृती, असे तो म्हणतो. तिथे 'नियम' घालून वाचा, वाक्याची धारच जाते.

दैवी कायद्यातल्या जुन्या भागाला, म्हणजे मोशेच्या कायद्याला, मराठी बायबलमध्ये 'नियमशास्त्र' म्हणतात. रुळलेला शब्द आहे, तेवढ्यापुरता तो कंसात द्यावा.

जाता जाता: थॉमस लेक्सला कृतींची 'मोजपट्टी' म्हणतो. चर्चच्या स्वतःच्या कायद्याला 'कॅनन लॉ' म्हणतात, त्यातला ग्रीक 'कानोन' म्हणजेही मोजायची सरळ काठी. तोच शब्द अरबीतून 'कानून' होऊन आपल्या 'कायदेकानू'त आला.