दिवसाला किती लिटर पाणी प्यावे? एका घरातील पाच जणांसाठी उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘उन्हाळ्यात प्रत्येकाने रोज चार लिटर पाणी प्यायलेच पाहिजे, त्यांपैकी एक लिटर सकाळी उठल्याबरोबर’ असा संदेश आला आहे. आपण स्वतः नागपुरात सीताबर्डीला बँकेत वातानुकूलित जागी बसता, मोठे बंधू बुटीबोरीला भट्टीच्या विभागात आहेत, वडिलांना हृदयविकारामुळे लघवीची गोळी चालू आहे आणि वहिनींचे बाळ तीन महिन्यांचे आहे. हा नियम घरातील सर्वांनी पाळावा का, असे आपण विचारता. पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी डॉक्टर नाही. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या सुरक्षिततेचे काम पाहण्यात माझी नोकरी गेली आणि दर उन्हाळ्यात पाण्याचा हा हिशेब माझ्यापुढे येतच राहिला.

‘दिवसाला आठ ग्लास पाणी प्यावे’ या प्रसिद्ध नियमाचे मूळ सहसा १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेल्या शिफारशीत दाखवले जाते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते, असे तीत म्हटले होते, आणि लगेच पुढे हेही सांगितले होते की त्यातील बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच मिळते. लोकांनी आकडा तेवढा उचलला. हाइन्झ वाल्टिन या मूत्रपिंडाच्या अभ्यासकाने २००२ साली उपलब्ध संशोधन चाळून पाहिले, तेव्हा आठ ग्लासांना शास्त्रीय आधार सापडला नाही. मात्र ते समशीतोष्ण हवेत बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसांबद्दल बोलत होते, हे नागपूरकराने विसरता कामा नये. पुढे अमेरिकेत पुरुषांसाठी ३.७ आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर, तर युरोपात २०१० साली अनुक्रमे २.५ आणि २ लिटर असे आकडे ठरले. हे दोन्ही हिशेब अन्न, चहा, दूध, ताक असे सगळे धरून केलेले आहेत. शिजलेल्या भातात सुमारे दोन तृतीयांश पाणीच असते, वरणात त्याहून अधिक, आणि काकडी-टरबुजात नव्वद टक्क्यांहून जास्त. (संत्र्यांचे शहर म्हणून आपण मिरवतो खरे, पण गरज सर्वांत जास्त असते त्या मे महिन्यात संत्र्यांचा हंगाम उरकलेला असतो.) चहाने शरीरातले पाणी कमी होते हा समजही नेहमीच्या दोन-तीन कपांच्या बाबतीत खरा नाही, तोही हिशेबात धरावा.

आता आपल्या हवेविषयी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की घाम कातडीवर दिसण्याआधीच उडून जातो. मुंबईहून आलेला पाहुणा ‘तुमच्याकडे घामच येत नाही’ म्हणून सुखावतो, पण शरीरातील पाणी मात्र जातच असते. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. खसच्या ताट्यांतून कूलर खोली गार करतो तोच हा प्रकार आहे, आणि म्हणूनच नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, कूलरची टाकी जशी पुन्हा पुन्हा भरावी लागते तसेच माणसालाही पुन्हा पुन्हा प्यावे लागते. त्यामुळे कपडे भिजले की नाही यावरून अंदाज बांधू नये. लघवीकडे पाहावे. ती फिकट पिवळी असेल आणि दर तीन-चार तासांनी होत असेल तर पाणी पुरेसे आहे. सकाळी कामावर निघाल्यापासून दुपारी चारपर्यंत एकदाही झाली नसेल किंवा गडद, थोडी आणि उग्र वासाची होत असेल तर कमी पडते आहे. सकाळची पहिली लघवी गडद असतेच, आणि बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही रंग बदलतो, एवढे लक्षात ठेवावे.

आपल्यापुरते बोलायचे तर तहान लागेल तसे पिणे, जेवणाबरोबर एखादे ग्लास ताक, आणि उन्हातून जाण्याआधी व आल्यावर थोडे जास्त पाणी, एवढे पुरेसे आहे. उठल्याबरोबर लिटरभर पाणी एकदम प्यायल्याने ते शरीरात साठत नाही, एक-दोन तासांत त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जाते. अपवाद मुतखड्याचा. तो पूर्वी होऊन गेला असेल तर दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी इतके प्यावे लागते, आणि ते अंदाजाने न ठरवता एखाद्या सुटीच्या दिवशी मापाच्या भांड्याने मोजून पाहावे. सीताबर्डीच्या बाजारात दिवसभर उभ्या असलेल्या कितीतरी स्त्रिया स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीच टाळतात. त्यांना ‘जास्त पाणी प्या’ असे सांगणे मला नेहमी अर्धवट वाटते.

बंधूंचे प्रकरण निराळे आहे, आणि त्यांच्या बाबतीत चार लिटरसुद्धा अपुरे ठरू शकतात. कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर, लघवी करून, हलक्या कोरड्या कपड्यांत वजन करायला सांगा. समजा आधी वजन ६८ किलो होते, कामावर तीन लिटर पाणी प्यायले आणि नंतर वजन ६७.२ भरले, तर मधल्या वेळची लघवी सोडून सुमारे ३.८ लिटर घाम गेला असे समजावे. वजनात दोन टक्क्यांहून अधिक घट झाली, म्हणजे त्यांच्या बाबतीत १.४ किलोच्या आसपास, तर काम आणि लक्ष दोन्ही ढासळू लागतात. भट्टीजवळ दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, साधारण २४० मिलिलिटर, असे पिणे योग्य. तासाला सुमारे १.४ लिटरच्या वर मात्र जाऊ नये. मूत्रपिंडे तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकू शकतात, आणि घाम व लघवी मिळून जाते त्याहून जास्त पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियम पातळ होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले होते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असल्यामुळे सोबती बिचारे आणखी पाणीच पाजतात. पाळी सुटल्यावर काही कामगारांच्या निळ्या सदऱ्यांच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. अशांना नुसते पाणी पुरत नाही, मीठ घातलेले ताक, डब्यातले लोणचे किंवा ओआरएस लागते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. ते अर्धे करून ग्लासात ढवळणे चूक आहे. रजेवरून परतलेल्या माणसाला उन्हाची सवय व्हायला पुन्हा आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नये.

बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याचा एक चमचाही देऊ नये, मग बाहेर कितीही ऊन असो. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. वरून पाणी दिल्यास इवले पोट त्यानेच भरते, दूध कमी जाते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘घसा कोरडा पडेल’ म्हणून आग्रह धरतील. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत आहेत हे त्यांना दाखवावे. वहिनींना मात्र रोज सुमारे ७०० मिलिलिटर जास्त लागते, म्हणून प्रत्येक वेळी पाजताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा.

सर्वांत जपायचे ते वडिलांना. हृदयाची ताकद कमी असताना चार लिटर पाणी पायांवर सूज आणि छातीत पाणी आणू शकते, आणि अशा अनेक रुग्णांना डॉक्टरांनी दिवसाचे पाणी मुद्दाम बेताचे ठरवून दिलेले असते. दुसरीकडे, उतारवयात तहान मंदावते आणि गोळी पाणी बाहेर काढतच असते, म्हणून नागपूरच्या मे महिन्यात तेच शरीर कोरडे पडून चक्कर येऊ शकते. रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर डॉक्टरांना लगेच फोन करावा. येत्या भेटीत त्यांना तीन गोष्टी विचारून घ्या: दिवसाला एकूण किती मिलिलिटर, त्यात चहा, दूध आणि वरण धरायचे का, आणि उन्हाळ्यापुरती गोळी कमी करायची का. तो संदेश वडिलांच्याही फोनवर गेला असेल तर त्यांच्याशी आजच बोला.