चुलत्यांच्या पोटातली गाठ ठेवली, मग आईच्या गाठीचं ऑपरेशन कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंचं वय 54, पाळी थांबून चार वर्षं झाली, गाव कागल तालुक्यातलं. पोट वाढत गेलं, घरात सगळ्यांना चरबी वाटली. सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीची 20 सेंमीची पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, साधी दिसते, पण काढायला हवी. चुलत्यांच्या लिव्हरमध्ये मागे हिमॅन्जिओमाची गाठ सापडली होती, तिला हात लावू नका असं सांगितलं गेलं आणि ते आजही ठणठणीत आहेत. त्यामुळे त्यांचं म्हणणं, "कॅन्सर न्हाई तर पोट कशाला फाडायचं? चाकू लागला की गाठ चिडते."

मी कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ही ऑपरेशनं माझ्या नेहमीच्या कामातली. सरळ सांगते, आईंचं ऑपरेशन करून घ्या. चुलत्यांना दिलेला सल्लाही बरोबरच होता.

हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. लिव्हरमधल्या साध्या गाठींत तीच सर्वांत जास्त सापडते आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयवर बहुतेक वेळा नक्की ओळखता येते. तिचा कॅन्सर होत नाही, ती सहसा त्रास देत नाही, उलट सुई टोचली तर रक्तस्रावाची भीती. म्हणून ती ठेवतात. ओव्हरीच्या गाठीची अशी खात्री बाहेरून देता येत नाही. सोनोग्राफीवरून "साधी दिसते" एवढंच म्हणता येतं. नक्की काय ते गाठ बाहेर आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. पाळी चालू असलेल्या मुलींच्या ओव्हरीत चार-पाच सेंमीच्या पाण्याच्या गाठी येतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. त्याच दिवसांत एखादा काढा चालू असला तर श्रेय त्याला मिळतं. पाळी गेल्यावर आलेली 20 सेंमीची गाठ काढ्याने विरत नाही. ती मूत्रनलिकेवर दाब देऊन किडनीला सूज आणू शकते, पायांकडून येणारं रक्त अडवू शकते.

आता "गाठ चिडते" याबद्दल. चुलत्यांना हसू नका, असं म्हणणारी माणसं मला दर आठवड्याला भेटतात. या समजामागे डोळ्यांनी पाहिलेल्या घटना आहेत. पूर्वी बायका फार उशिरा यायच्या. पोट उघडलं की कॅन्सर सगळीकडे पसरलेला दिसायचा, डॉक्टर तसंच पोट शिवून टाकायचे आणि बाई दोन-चार महिन्यांत जायची. गावाच्या लक्षात चाकू राहिला. साध्या गाठीला पसरण्याचा गुणच नसतो, चाकूने तो तिच्यात येत नाही. पण त्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती तुम्ही डॉक्टरांशी नक्की बोला: ओव्हरीची अशी गाठ पोटात फुटू द्यायची नसते. आत कुठे कॅन्सरच्या पेशी असल्याच, तर गाठ फुटल्यावर त्या पोटभर सांडतात आणि पहिल्याच पायरीतला आजार तिच्या वरच्या टप्प्यावर जातो. म्हणून "सुईने पाणी काढून टाकू, ऑपरेशनच नको" असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. पाणी पुष्कळदा पुन्हा भरतं आणि सांडायचा धोका पदरात पडतो तो वेगळाच.

लोक दुर्बिणीचा आग्रह धरतात, कारण भोकं छोटी आणि घरी लवकर जाता येतं. लहान गाठीसाठी मीही दुर्बीणच सुचवते. गाठ प्लास्टिकच्या पिशवीत घालून काढता येते. 20 सेंमीची गाठ त्या भोकांतून काढायची तर आधी ती रिकामी करावी लागते, म्हणजे पुन्हा सांडायचा धोका. आईंसाठी बेंबीखाली उभा छेद घेऊन गाठ अख्खी बाहेर काढण्याचं डॉक्टर म्हणाले असतील तर ते जुन्या वळणाचे आहेत असं समजू नका. टेबलावर ते कसं असतं सांगते. छेदातून प्रथम गाठीचा चकचकीत, निळसर-पांढरा पापुद्रा दिसतो. हात सावकाश मागे फिरवून आतडं कुठे चिकटलंय का ते चाचपायचं. मग भूलतज्ज्ञांना सांगायचं, "काढतेय." कारण एवढा दाब एकदम उतरला की बीपी खाली येऊ शकतं, ते सलाईन आणि औषधं घेऊन तयार असतात. गाठ दोन्ही हातांनी वर उचलली की खाली तिचा देठ दिसतो, कधी कधी दोन बोटांएवढाच. त्यावर क्लॅम्प लावायचे, कापायचं, बांधायचं. पाहणाऱ्याला वाटतं सगळं कापण्यात आहे. माझा जास्त वेळ चिकटलेलं सोडवण्यात आणि गाठ न फोडण्यात जातो.

असल्या ऑपरेशनची पहिली नोंद 1809 ची आहे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल गावी इफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरने जेन टॉड क्रॉफर्ड या बाईंची ओव्हरीची गाठ काढली. आधी सगळ्यांना जुळी मुलं आहेत असं वाटलं होतं. बाई जवळजवळ 100 किलोमीटर, म्हणजे आपल्या इथून बेळगावएवढं अंतर, घोड्यावरून आल्या. भूल नव्हती, ईथरची भूल 1846 मध्ये आली. गाठ एवढी मोठी की त्याला ती आतच कापून आधी पातळ भाग काढावा लागला. सगळं मिळून सुमारे 10 किलो भरलं. पाचव्या दिवशी त्या स्वतःचं अंथरूण आवरत होत्या, पंचविसाव्या दिवशी घरी परतल्या आणि पुढे तीस वर्षांहून जास्त जगल्या. तेव्हा भूल नव्हती, रक्त चढवणं नव्हतं, अँटिबायोटिक नव्हतं. हे मी नातेवाइकांना मुद्दाम सांगते. गाठ साधी असेल आणि निघाली, तर शरीर किती चांगलं सावरतं ते यातून दिसतं.

ऑपरेशनआधी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुन्हा काढून वाचा. गाठीत कप्पे आहेत का, घट्ट भाग आहे का, दोन्ही बाजूंना आहे का, पोटात पाणी आहे का, हे त्यात लिहिलेलं असतं. सोबत ओव्हरीच्या कॅन्सरची शंका पाहणारी सीए-125 ही रक्ततपासणी करतील. तो आकडा 35 च्या वर गेला म्हणून घरात रडारड नको. फायब्रॉइडने (गर्भपिशवीतल्या साध्या गाठीने), एंडोमेट्रिओसिसने (गर्भपिशवीचं अस्तर बाहेर वाढल्याने), पोटाच्या टीबीनेही तो वाढतो, आणि आपल्याकडे पोटाचा टीबी काही दुर्मीळ नाही. मात्र घट्ट भाग, पाणी आणि वाढलेला आकडा असं एकत्र आलं तर ऑपरेशन कॅन्सर सर्जनकडेच करा. पहिलं ऑपरेशन नीट होणं तिथे फार महत्त्वाचं असतं.

गर्भपिशवीचं आधीच विचारून ठेवा. आईंच्या वयात दोन्ही ओव्हरी आणि नळ्या काढायला हरकत नसते. पिशवीला काही आजार असेल तर तीही काढावी, पण "पोट उघडलंय तर काढून टाकू" एवढं कारण मला पुरत नाही. आपल्या साखर कारखान्यांवर बीडकडून ज्या ऊसतोड बायका येतात, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. त्यातल्या काही आमच्या ओपीडीत येतात, चाळिशीच्या आत कंबर आणि हाडं धरलेली. कमी वयात पिशवीबरोबर ओव्हरीही गेल्या की हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. म्हणून प्रत्येक अवयव काढण्यामागचं कारण विचारा, आणि संमतीपत्रावर काय काय लिहिलंय ते वाचून मगच सही करा.

नंतरचं. दुसऱ्या दिवशी आईंना उठवून चालवतील, तेव्हा "राहू दे, दुखतंय तिला" म्हणू नका. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते असतं. चार-पाच दिवसांत घरी. भात-डाळीने पू होतो हे खरं नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. पचायला लागलं की अंडी, दूध, मटण सगळं चालतं, तांबडा रस्सा जरा दमानं. खरी अडचण म्हशींची आहे. सहा आठवडे पाण्याची घागर, दुधाचं कॅन, वैरणीचा भारा काही उचलायचं नाही. जड कामाला तीन महिने थांबा. उभ्या छेदानंतर हर्निया होणं ही नेहमीची तक्रार आहे आणि आमच्याकडे येणाऱ्या बायकांत ती बहुतेक लवकर कामाला लागल्यामुळे दिसते. धार कोण काढणार, वैरण कोण आणणार, हे ऑपरेशनच्या तारखेआधी घरात ठरवा. ओव्हरीसकट काढलेली साधी गाठ सहसा परत येत नाही.

आता सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते. ऑपरेशन झालं की थिएटरच्या दारात ट्रेमध्ये गाठ दाखवतात, नातेवाईक मोबाइलवर फोटो काढतात आणि विषय संपतो. गाठ पुढे फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ती टिकवणाऱ्या द्रावणात, लॅबला जायला हवी. पुष्कळदा ती बरणी तुमच्याच हातात देतात. त्याच दिवशी पोचवा, नाव आणि बाजू लिहिलीय का बघा. चिकट पाणी असलेल्या मोठ्या गाठीत एका कोपऱ्यात साधं आणि दुसऱ्या कोपऱ्यात वेगळं असू शकतं, म्हणून पॅथॉलॉजिस्ट तिचे पुष्कळ तुकडे तपासतात आणि रिपोर्टला आठवडाभर लागतो. तोवर टाके निघतात, बाई बरी असते, आणि रिपोर्ट आणायला कुणी जात नाही. तुम्ही जा. तो डॉक्टरांना दाखवा आणि जपून ठेवा.

पैशांची ओढाताण असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते तिथले आरोग्यमित्र सांगतील. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

तारीख मिळेपर्यंत आईंना अचानक एका बाजूला जोराची कळ आली, उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ पडला असू शकतो. तेव्हा गॅसची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री कोल्हापूरला आणा.