योगवर्गात शिकलेलं घरी कसं आणायचं?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षं योगवर्गाला जाताय, आसनं छान जमतात, पण घरी आणि ऑफिसात चिडचिड तशीच आहे. मग योगाची तत्त्वं रोजच्या जगण्यात आणायची कशी? माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली, म्हणून लिहिते.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली, म्हणजे प्रकरणातली, ४६ ते ४८. योगाच्या आठ अंगांतही आसन तिसरं येतं. त्याच्या आधी यम-नियम, म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं आणि स्वतःला कसं ठेवायचं. वर्गात आपण थेट तिसऱ्या पायरीवर चढतो. त्यात वावगं काही नाही, शरीर लवकर शिकतं. पण मग तिथे शिकलेलं घेऊन दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं.

माझी सुरुवात दातांपासून झाली. पश्चिमोत्तानासनात मी नेटाने वाकले होते. आमच्या बाई शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाय ताणायचेत ना, मग दात कशाला आवळलेत?" 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे मला पाठ होतं. पुढचं सूत्र प्रयत्न शिथिल करायला सांगतं, ते त्या दिवशी कळलं. जिथे जोर हवा तिथेच तो लावायचा, बाकीचा सोडून द्यायचा.

मी बँकेत कॅश काउंटरला बसते. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनची रांग दारापर्यंत जाते. त्याच आठवड्यात एक आजोबा तिसऱ्यांदा तीच एन्ट्री विचारत होते आणि माझ्या लक्षात आलं, नोटा मोजतायत हात, पण खांदे कानापर्यंत चढलेत आणि दात तसेच आवळलेले! तेव्हापासून प्रत्येक टोकनला आधी जबडा सोडते, एक श्वास पूर्ण बाहेर टाकते आणि मग मान वर करते. रांग त्याने खोळंबत नाही. राग येतो, अजूनही येतो, पण तो आधी जबड्यात येतो आणि जिभेवर मागाहून. मधल्या त्या क्षणभरात त्याला धरता येतं. तुम्हीही तुमची जागा शोधा. कुणाच्या कपाळाला आठी पडते, कुणाची मूठ वळते.

यमांचं मात्र मला घरी शिकावं लागलं. माझ्या आईला विसरण्याचा आजार आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. रोज दिवेलागणीला ती दाराकडे बघत विचारते, "हे अजून आले नाहीत?" मी खरं बोलायची. बाबा गेले, आई. आणि रोज तिला ते पहिल्यांदाच कळायचं. पदर तोंडाला लावून ती रडायची, रात्रीचं जेवायची नाही. मी मनाशी म्हणायची, सत्य हा यम आहे, आईशी खोटं कसं बोलू?

यमांची यादी अहिंसेपासून सुरू होते, सत्य दुसरं. व्यासभाष्यात, म्हणजे योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत, स्पष्ट म्हटलंय की बाकीच्या यम-नियमांचं मूळ अहिंसेत आहे, आणि ज्या बोलण्याने जिवाला इजाच होते ते सत्य ठरत नाही. हे मी आधीही वाचलं होतं. आईचं उष्टं न झालेलं ताट उचलताना ते मला खऱ्या अर्थाने समजलं आणि फार अपराधी वाटलं.

म्हणून सांगते, दहाही यम-नियम एकदम घेऊ नका. एकच घ्या, आणि तोही एका माणसापुरता किंवा दिवसातल्या एका वेळेपुरता. अभ्यास पक्का व्हायला पतंजली तीन गोष्टी सांगतात: दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने. यातला आदर आपण विसरतो. एखाद्या दिवशी तोंडून वेडंवाकडं गेलं की मी स्वतःलाच बोल लावत बसायची. आता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करते. अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणं), संतोष यांवर मी काही लिहीत नाही, तिथवर माझी मजल अजून गेलेली नाही.

काल संध्याकाळी आईने पुन्हा विचारलं. मी गॅस बारीक केला, तिच्याजवळ बसले, जबडा सोडला आणि म्हटलं, "बाबांची आठवण येतेय का गं?" ती म्हणाली, "येते तर! सायकलची घंटा वाजवायचे कोपऱ्यावरूनच." मग ती त्या सायकलबद्दल बराच वेळ बोलत होती, आणि बोलता बोलता दोन घास जास्त जेवली.