पाय जागे करा

(वाचकांची पत्रं, वैमानिक ताईंची उत्तरं)

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये शेपटीखाली चाक असलेल्या, म्हणजे टेलव्हील, विमानांचा विषय पुन्हा पुन्हा निघाला. मी स्वतः याच विमानांवर शिकवते आणि हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून आजची सगळी जागा त्यालाच देते.

ताई, माझ्याकडे प्रायव्हेट लायसन्स आहे, सगळं उड्डाण सेसना १७२ या पुढे चाक असलेल्या विमानावर झालंय. आता सिटाब्रियावर टेलव्हील शिकतोय. हवेत ठीक असतं. टेकल्यावर मात्र विमान नागमोडी पळतं आणि मी जितका पाय मारतो तितकं ते वाढतं. शिक्षक मागून सारखे ‘पाय! पाय!’ ओरडतात. नक्की करायचं काय? आणि हे किती तासांत जमतं?
— एक वाचक, सनीवेल, कॅलिफोर्निया

शिक्षक बरोबरच सांगतायत, पण तेवढ्याने भागणार नाही. विमान असं का वागतं ते आधी डोक्यात बसू द्या.

१७२ मध्ये वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो. ते विमान जरा तिरकं टेकलं तरी पुढचं वजन ओढ घेतं आणि नाक आपोआप सरळ होतं. सिटाब्रियात हा मध्य मुख्य चाकांच्या मागे आहे. नाक थोडं वळलं की मागचं वजन जुन्याच दिशेला धावत राहतं आणि वळण वाढवत नेतं. सायकल सीटला धरून मागे ढकलून बघा, हँडल हातभर अंतरसुद्धा सरळ राहत नाही; तसंच हे. वळण एका मर्यादेपलीकडे गेलं की रडरच्या (पायांच्या पेडलांनी हलणाऱ्या, उभ्या शेपटीवरच्या पट्टीच्या) हातात काही उरत नाही. विमान गर्रकन फिरतं, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे. नाक अंशभर हललं तेव्हाच पेडल किंचित दाबलं तर तेवढं पुरतं. तेच एक सेकंद उशिरा दाबलं तर सगळा पाय लागतो. तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं: वळण तुम्हाला उशिरा कळतं, मग तुम्ही जोरात दाबता, आणि नाक मध्यरेषेवर येईपर्यंत पाय तसाच धरून ठेवता. तोवर नाकाला दुसरीकडे जाण्याचा वेग मिळालेला असतो. तिथूनच नागमोड सुरू होते. यापुढे दाबा आणि लगेच सोडा. पहिल्या दाबाचं काम एवढंच की नाकाचं फिरणं थांबावं. मध्यरेषेपासून चार हात बाजूला असाल तर असू दे. धावपट्टीला समांतर पळत राहा, रेषेवर परत यायची घाई करू नका.

वळण लवकर कळण्यासाठी नजर धावपट्टीच्या पार टोकाला हवी. शेपूट खाली असताना नाक समोरचा बराच भाग झाकतं. तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या धावपट्टीच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून सारख्या दिसतायत ना, एवढं जाणवत राहिलं पाहिजे. पायपर कब हे जुनं दोन सीटांचं विमान एकट्याने उडवताना तर मागच्या सीटवर बसावं लागतं, तिथे या कडांशिवाय दुसरा आधारच नाही.

थ्री-पॉइंट, म्हणजे तिन्ही चाकं एकदम, टेकल्यावर स्टिक (हातातला दांडा) पोटाशी ओढलेली ठेवा आणि तिथून ढळू देऊ नका. वेग उतरतो तशी रडरवरची हवा कमी होते आणि दिशा सांभाळण्याचं काम शेपटीच्या चाकाकडे येतं. त्या चाकावर भार नसेल तर ते काय सांभाळणार? मी पाहिलेले ग्राउंड लूप बहुतेक याच टप्प्यावर झाले. लँडिंग सुंदर झालं, वेग माणसाच्या धावण्याइतका राहिला, वैमानिकाने खांदे सैल सोडले आणि स्टिक पुढे सरकली. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना माझा पक्का नियम आहे, विमान दोरांनी बांधून होईपर्यंत ते उडतंय असंच समजायचं. टॅक्सी करतानासुद्धा वारा कुठून येतोय ते बघून स्टिक धरायची. समोरून येणाऱ्या वाऱ्यात मागे ओढून आणि वाऱ्याकडे झुकवून, मागून येणाऱ्या वाऱ्यात पुढे आणि वाऱ्यापासून दूर.

तुमच्याकडून हॉलिस्टर फार लांब नाही. त्याच्याजवळ फ्रेझर लेकला गवताची धावपट्टी आहे. गवतावर चाक थोडं घसरतं, त्यामुळे जरा तिरकं टेकलेलं विमान गवत सांभाळून घेतं. डांबर तेच चाक धरून ठेवतं. शिक्षकांना विचारून आधी गवतावर हात बसवा, मग डांबरावर या. आणि एखाद्या सकाळी अजिबात न उडता फक्त टॅक्सी करा. पैसे फुकट गेले असं वाटेल, पण ते तास कामी येतात.

खरं तर हवेत सगळं ठीक असतं, या तुमच्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. १७२ मध्ये पाय जमिनीवर टेकवून ठेवले तरी चालून जातं, म्हणून तसं वाटतं. डावीकडे वळायला स्टिक डावीकडे नेली की उजवा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, खाली जातो. त्या पंखाची उचल वाढते, तसा हवेचा अडथळाही वाढतो, आणि नाक आधी उलट, म्हणजे उजवीकडे जातं. सिटाब्रिया आणि चँपसारख्या विमानांत हे डोळ्यांना स्पष्ट दिसतं. पुढच्या वेळी चांगल्या उंचीवर जा, फ्रीमाँट पीकचं शिखर समोर धरा आणि पंख डावीकडे-उजवीकडे झुकवत राहा. नाक शिखरावरून हलू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी नाक आकाशभर भटकेल. हातपाय एकत्र चालायला लागले की विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा समोरच्या यंत्रातला बॉल मधोमध राहील आणि तुम्हाला तो बघावाही लागणार नाही, कारण बूड कुठे सरकतंय ते आधीच कळेल.

टेकऑफबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते. स्टिक पुढे करून शेपूट उचललीत की त्याच क्षणी नाक डावीकडे झेप घेतं. नाकावरचा फिरता पंखा जायरोस्कोपसारखा वागतो, त्याची पातळी बदलली की धक्का नव्वद अंश पुढे जाऊन लागतो. तेव्हा शेपूट सावकाश उचला आणि उजवा पाय तयार ठेवा.

तासांचं म्हणाल तर अमेरिकेच्या नियमात किमान तास नाहीतच. साधे आणि क्रॉसविंडमधले (आडव्या वाऱ्यातले) टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग (शेपूट वर ठेवून आधी फक्त पुढची दोन चाकं टेकवणं) आणि गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) एवढं नीट जमतंय असं वाटलं की शिक्षक लॉगबुकात सही करतात. विमान बनवणाऱ्या कंपनीनेच व्हील लँडिंग नको म्हटलं असेल तर ते वगळतात. बहुतेकांना पाच ते दहा तास लागतात. तुम्हाला पंधरा लागले तर पंधरा घ्या. सहीसाठी शिकणारा वैमानिक मला आवडत नाही, हे स्पष्टच सांगते.

मॅडम, मी नागपूरचा, सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिक परवान्याचं) प्रशिक्षण घेतोय. पुढे एअरबस ३२० उडवायचं स्वप्न आहे. तिथे वळणात रडर संगणकच सांभाळतो म्हणतात. मग टेलव्हीलवर पैसे घालवण्यात अर्थ आहे का?
— एक विद्यार्थी वाचक

वळणापुरतं तुमचं खरं आहे. पण क्रॉसविंडमध्ये टेकण्याच्या आधी नाक धावपट्टीच्या रेषेत आणणं आणि टेकऑफला एक इंजिन गेलं तर विमान सरळ ठेवणं, ही दोन कामं तिथेही पायांचीच आहेत.

त्याआधी तुम्ही शेकडो तास छोट्या विमानांवर काढणार आहात, त्यांचा विचार करा. लँडिंगसाठी शेवटचं वळण घेताना धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. माणूस जास्त झुकायला घाबरतो आणि आतल्या पायाने नाक ढकलत वळायला बघतो. वेग कमी, स्टिक मागे, बॉल एका बाजूला. अशात आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल जाते, आणि विमान स्पिनमध्ये जातं, गिरक्या घेत खाली येतं. सावरायला लागते तेवढी उंची तिथे नसते. हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. ज्याच्या बुडाला बॉलची जाणीव आहे तो त्या वाटेला जातच नाही. पैसे खर्च करायला हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

मात्र दुसरी बाजूही नीट ऐका. १२ नोव्हेंबर २००१ ला अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ हे विमान न्यूयॉर्कहून निघाल्यावर काही मिनिटांतच क्वीन्समध्ये कोसळलं. विमानातले २६० आणि जमिनीवरचे पाच लोक गेले. पुढे गेलेल्या विमानाच्या मागची घुसळलेली हवा लागल्यावर को-पायलटने रडर पूर्ण एकीकडे, लगेच पूर्ण दुसरीकडे, असा आलटून पालटून दाबला. त्या भाराने उभी शेपूटच तुटली. गरज नसताना दिलेला अतिरेकी रडर हे मूळ कारण तपासात ठरलं. त्या एअरबस ए३००-६०० ची रडरची रचना आणि कंपनीचं प्रशिक्षण यांचाही वाटा अहवालात आहे. तेव्हा टेलव्हीलवरची पायांची चपळाई जेटमध्ये वेगात असताना जशीच्या तशी वापरायची नाही. कधी दाबायचं आणि किती, ही समज तेवढी बरोबर न्यायची.

टेलव्हील मिळणं अवघड असेल तर ग्लायडर बघा. लांब पंखांमुळे तिथे रडरशिवाय नीट वळताच येत नाही, आणि समोरच्या काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा सरळ की तिरका ते लगेच सांगतो. पुण्यात हडपसरला जुनं ग्लायडिंग सेंटर आहे. जाण्याआधी सध्या उड्डाणं चालू आहेत का ते मात्र विचारून घ्या.

तरुणपणी फ्लाइंग क्लबात पुष्पक या टेलव्हील विमानावर शिकलो. आता कुठल्याच क्लबात तसं विमान दिसत नाही. इतकी चांगली शिकवण देणारी विमानं मागे का पडली?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

काका, पत्र वाचून फार आनंद झाला. नव्वद अश्वशक्तीचं इंजिन, शेजारी शेजारी दोन सीटा आणि कापडाने मढवलेले पंख, पुष्पकवर तुम्ही पायांचं काम अगदी मुळापासून शिकलात.

ती मागे पडली कारण पुढे चाक असलेलं विमान शिकवायला आणि विकायला सोपं. सेसनाने १९५० च्या दशकात टेलव्हीलच्या १७० वरूनच १७२ काढलं आणि ‘लँड-ओ-मॅटिक’ अशी त्याच्या चाकांची जाहिरात केली. समोरचं दिसतं, टॅक्सी करताना नागमोडी जावं लागत नाही, पंख कमी मोडतात, विमा स्वस्त पडतो. क्लब चालवणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण त्याबरोबर रडरचं शिक्षण पातळ झालं, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्हाला ठाऊक असेल, तरी तरुण वाचकांसाठी लिहिते. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. तेही शेपटीच्या चाकाचंच, आणि ते ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं ते डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडचे. हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या त्याच्यावर उडायला शिकल्या. तुमच्या लॉगबुकाची पानं स्कॅन करून नातवंडांना पाठवा, आणि पुष्पकच्या आठवणी मला सविस्तर लिहा.

ताई, माझी उंची जेमतेम पाच फूट, वय पन्नाशीचं. टेलव्हीलमध्ये नाकावरून दिसेल का? आणि बूट कुठले घालू?
— एक वाचक, न्यू जर्सी

वयाची काळजी सोडा. उंचीचा उपाय उशी आहे, पण ती पाठीमागेही हवी आणि घट्ट हवी. मऊ उशी टेकऑफला दबते आणि तुम्ही मागे सरकता. इंजिन सुरू करण्याआधी एक तपासणी करा: दोन्ही पेडल आळीपाळीने शेवटपर्यंत दाबा आणि त्या स्थितीत ब्रेकही लागतो का बघा. कब आणि जुन्या चँपमध्ये ब्रेक टाचेखाली असतो, तिथे हे आणखी जपून बघा. पाय पुरत नसेल तर त्या दिवशी उडू नका. आधी बैठकीची सोय करा.

बूट पातळ, सपाट तळव्याचे. धावण्याचे जाड बूट नकोत, पेडलचा दाब त्यांतून कळत नाही आणि त्यांची रुंद कड पेडलशेजारच्या सांगाड्याच्या नळीत अडकते. नाड्या आत खोचा.