गव्हाला बायोचार: आधी सामू बघा, मग पोतं सोडा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. पाच आठवड्यांनी गहू पेरायचा आहे, माती हलकी आहे, सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा; 7 च्या वर विम्ल) 8.1 आलाय आणि लाकडाचा बायोचार (कमी हवेत भाजलेला, मातीत मिसळायचा कोळसा) हाताशी आहे. एके ठिकाणी ‘उत्पादन पाव हिश्शाने वाढतं’ असं वाचलंत, दुसरीकडे ‘काही फरक पडत नाही’ असं. मग टाकावा की नाही?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त जमिनी वेगळ्या आहेत. जगभरच्या प्रयोगांचं एकत्र विश्लेषण 2017 साली प्रसिद्ध झालं. त्यात उष्ण कटिबंधात सरासरी 25 टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली, समशीतोष्ण प्रदेशात सरासरीने वाढ नाहीच. कारण हवामानापेक्षा मातीत जास्त आहे. जिथे वाढ झाली तिथल्या बऱ्याच जमिनी आम्ल, झिजलेल्या, अन्नद्रव्यं धरून न ठेवणाऱ्या होत्या. बायोचार स्वतः बहुतेक वेळा विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट असतो, सामू 8 ते 10. आम्ल जमिनीत तो चुन्याचं काम करतो, म्हणजे आम्लता कमी करतो, आणि पहिल्या एक-दोन वर्षांतला बराचसा फायदा तिथूनच येतो.

तुमचा सामू आधीच 8.1 आहे, म्हणजे हा फायदा तुम्हाला मिळणार नाही. उलट अशा जमिनीत जस्त आणि लोह पिकाला आधीच कमी मिळतं, आणि गव्हातही जस्ताची कमतरता दिसू शकते. राख जास्त असलेला बायोचार भरपूर टाकलात तर ती अडचण वाढेल. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे: माती हलकी आहे. कोळशाच्या बारीक छिद्रांत पाणी थांबतं, त्याचा उपयोग वाळूसर जमिनीत दिसतो. भारी काळ्या जमिनीत तेवढा दिसत नाही. म्हणून माझं मत: टाका, पण थोड्या जागेत, थोडा, आणि शेणखतात काही आठवडे मुरवून. जमिनीत मिसळलेला कोळसा परत वेचून काढता येत नाही. त्यातला बराचसा कर्ब शेकडो वर्षं तिथेच राहतो. चुकीचं खत एका हंगामात विसरता येतं, हे तसं नाही.

‘मुरवून’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतोय. पहिल्या वर्षी मी कोरडा, कच्चा बायोचार पेरणीच्या आठवडाभर आधी पसरला होता. पंचविसाव्या दिवशी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडातून येणारी मुळं) फुटून फुटव्यांना (बाजूच्या कोंबांना) सुरुवात व्हायच्या वेळी, खालची पानं पिवळी पडायला लागली. शेजारचा बिनकोळशाचा पट्टा हिरवागार होता. ताजा कोळसा अमोनियम (नत्राचं एक रूप) धरून ठेवतो, आणि त्यातला सहज कुजणारा भाग खाताना जिवाणूही मातीतलं नत्र ओढून घेतात. नंतर युरिया दिल्यावर रंग परतला, पण गेलेले फुटवे परत आले नाहीत. ते पीक बघताना फार वाईट वाटलं होतं.

अमेझॉनच्या खोऱ्यातल्या ज्या काळ्या मातीमुळे, ‘तेरा प्रेता’मुळे (पोर्तुगीज शब्द, अर्थ ‘काळी माती’), हा सगळा विषय पुढे आला, तिच्यातही नुसता कोळसा नाही. हाडं, राख, विष्ठा, घरातला कचरा असं सगळं त्यात शतकानुशतकं मिसळत गेलंय.

तर पाच आठवडे हातात आहेत ते असे वापरा. बायोचार मोहरीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा बारीक करा, पण आधी पाणी मारून, कारण कोरडी काळी धूळ फुप्फुसांना वाईट; तोंडाला फडकं हवंच. मग आकारमानाने निम्मा बायोचार आणि निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एकत्र करून ढीग ओलसर ठेवा. तीन-चार आठवडे, मधे एकदा उलथापालथ. शेणस्लरी मिळाली तर पाण्याऐवजी तीच शिंपडा.

ढीग लावण्याआधी बायोचार तपासून घ्या. थोडा ओला करून हातावर चोळा. नुसत्या पाण्याने काळं गेलं तर ठीक. हात तेलकट राहिले, साबण लागला किंवा डांबरासारखा वास आला, तर तो अर्धवट भाजलेला आहे, शेतात नेऊ नका. शिवाय दोन कुंड्यांत गहू पेरून बघा, एक नुसत्या मातीची, एक मिश्रणाची. उगवण बिघडते का ते आठवड्यात कळतं.

मात्रा: कोरड्या वजनाने हेक्टरी 5 टन, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो. प्रयोगांत 10-20 टनही टाकतात, पण 8.1 सामूला मी त्या वाटेला जाणार नाही. ‘कोरड्या वजनाने’ हे लक्षात ठेवा; विझवलेल्या कोळशाच्या पोत्यात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. वरच्या 10-15 सेंटीमीटरमध्ये कुळवाने मिसळा, वर उघडा ठेवू नका, वाऱ्याने आणि पाण्याने वाहून जातो. नत्राची शिफारस केलेली मात्रा या वर्षी अजिबात कमी करू नका. माती परीक्षणात जस्त कमी असेल तर तेही द्या.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पेरणीनंतर लगेच मातीवर फवारायचं तणनाशक, उदाहरणार्थ पेंडीमेथालिन, बायोचार शोषून घेऊ शकतो. मग तण उगवतं आणि दोष औषधाला जातो. त्या पट्ट्यात खुरपणीची तयारी ठेवा.

आणि पट्टे तीन करा, दोन नव्हे: एक नेहमीचा, एक फक्त शेणखताचा, एक शेणखत आणि बायोचार एकत्र. शेणखताची मात्रा दोन्हींत सारखी. मधला पट्टा नसेल तर शेणखताने केलेलं काम तुम्ही कोळशाच्या नावावर लिहाल. मी अशी गफलत बऱ्याच जणांची पाहिली आहे. काढणीला प्रत्येक पट्ट्यात तीन-चार ठिकाणी एक चौरस मीटर कापा, मळा, वाळवून तोला. ओंब्यांची संख्याही मोजा, फुटवे कुठे टिकले ते त्यावरून समजतं.

माती परीक्षणाच्या कागदावर क्षारतेचा आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा असेल तर कळवा. क्षारता जास्त निघाली तर राखेतले क्षार त्यात भरच घालतील. मग या हंगामात फक्त शेणखत द्या, बायोचारचा ढीग झाकून पुढच्या वर्षीपर्यंत मुरू द्या.